उजवी पाकळी

१

आमच्या घरात सुट्टीचं ठिकाण ठरवायची एक पद्धत आहे. अभिजीत ठरवतो. मग तो, मी आणि आमची लेक सिद्धी, तिघं मिळून आठवडाभर चर्चा करतो. चर्चेअंती अभिजीतनं ठरवलं होतं तेच ठरतं आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटते. मी मुळात रागीट नाही. असं मी सगळ्यांना सांगते, आणि लोक ऐकून घेतात.

यंदा बाली. अभिजीतच्या कंपनीचा तिथं काहीतरी मेळावा होता. तो पुढं जाणार, मागून आम्ही दोघी. देवळं-बिवळं बघायची आणि शेवटचे चार दिवस वेगळे काढून कुठंतरी स्कूबा डायव्हिंग. हे वेड त्याला चाळिशीत लागलं. इतरांना मधुमेह होतो. सिद्धी एकोणीस वर्षांची, तीही कोरमंगलाच्या एका स्विमिंग पूलमध्ये डायव्हिंग शिकायला लागली होती, म्हणजे रोग आता आनुवंशिक.

त्या चार दिवसांसाठी तीन ठिकाणं होती. तुलंबेनला किनाऱ्यालगतच बुडालेलं जहाज आहे, चालत पाण्यात शिरायचं, नवशिक्यांना बरं. पेनिडाला पंख पसरून उडावेत तसे भले मोठे मासे, पण पाणी गार आणि ओढ फार. तिसऱ्या ठिकाणाला आणखी एक विमान, मग जीप, मग होडी, मग त्याहून लहान होडी. अभिजीत दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर तिथं जाऊन आला होता. त्या जागेचं नाव मी लिहीत नाही. हट्ट समजा.

"तिथलं पाणी वेगळंय," अभिजीत म्हणाला.

"वेगळं म्हणजे?"

"शांत."

"आपलं बेळ्ळंदूरचं तळंही शांत असतं. सांडपाण्याचा फेस येईपर्यंत."

"तुला प्रत्येक गोष्टीत फेसच दिसतो, पद्मा."

"लग्नाला वीस वर्षं झाली, दिसणारच."

सिद्धी हसली. तिला लहानपणापासून नाकाचा त्रास, त्यामुळं ती हसली की आधी एक शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणाले होते, धोका काही नाही, फक्त आवाज. झोपेत घोरते, जेवताना फुसफुसते, अभ्यास करतानासुद्धा प्रेशर कुकर मंद आचेवर ठेवल्यासारखी. घरात ती कुठं आहे हे बघायला मला कधी उठावं लागलं नाही.

मी म्हटलं, तुलंबेन. पोरीची पहिलीच वेळ आहे. अभिजीत म्हणाला, बघू. म्हणजे नाही.

२

त्या तिसऱ्या ठिकाणाहून अभिजीतनं दोन वर्षांपूर्वी एक दगड आणला होता. समुद्रातलं काही उचलायचं नाही असा नियम आहे म्हणे. साहेबांनी उचललं. मोसंब्याएवढा, काळा, गुळगुळीत. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर होता. मग टीव्हीखाली, मग बेसिनपाशी. नवऱ्याच्या वस्तूंना घरात जागा नसते, त्या फक्त फिरत असतात. कंटाळून मी तो देवघराच्या फळीवर ठेवला, पणती आणि काडेपेटीच्या मागं.

नंतर पुण्याहून सासूबाई आल्या. त्यांच्या लेखी मी म्हणजे शहाजीराजांबरोबर खाली दक्षिणेत आले आणि परत जायला विसरले अशा लोकांपैकी. आमच्या मराठीत निम्मं कन्नड, आमच्या आमटीत गूळ नाही, तर आमचे देवही काहीतरी वेगळेच असणार. दुसऱ्या दिवशी बघते तर दगड पुढं आलेला, खाली लाल कापड, वर हळदकुंकू, डोक्यावर शेवंती.

"तुमच्याकडचा तांदळा ना गं हा?" त्या म्हणाल्या. "असा मागं कशाला ठेवलास? देवी आहे ती."

तांदळा म्हणजे न घडवलेला दगड, ज्याला देवी मानतात. आमची खरीखुरी देवी येलहंकाला अण्णाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या घरी आहे आणि तिला नाक-डोळे आहेत. मी सांगायला हवं होतं. पण अभिजीत मागं उभा राहून दात काढत होता, आणि सासूबाई प्रथमच माझ्या माहेरच्या कशाला तरी हात जोडत होत्या. मी म्हटलं, "हो, चुकलंच."

त्या परत गेल्यावर कापड काढायचं राहून गेलं. आणि रोज बाकीच्यांना फूल वाहताना एकालाच वगळायचं म्हणजे बरं दिसत नाही. दगड झाला म्हणून काय झालं.

३

रविवारी सकाळी चर्चा पुन्हा पेटली. मी तुलंबेन म्हटलं की अभिजीत मोबाईलवर त्या तिसऱ्या जागेचा फोटो दाखवायचा. फोटोत नुसतं पाणी. त्याखाली काही आहे असं वाटावं इतकं स्वच्छ, आणि काही नाही.

"काय बघायचं यात?"

"तेच तर," तो म्हणाला. "लावा ना तुमचं ते फूल. एकदाचं होऊन जाऊ दे."

आमच्याकडं मोठी गोष्ट ठरत नसली की देवीला फूल लावतात. दोन ओल्या पाकळ्या, एक उजव्या बाजूला, एक डाव्या. कुणासाठी विचारतोय त्याचं नाव घ्यायचं आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझं लग्न असंच ठरलं. देवीचीही चूक होते, हे मी तेव्हापासून अभिजीतला सांगत आलेय.

तो चेष्टा करत होता, म्हणून मी रागानं उठले. माझ्या देवघरात भवानीचा फोटो आणि अंगठ्याएवढा बाळकृष्ण. फोटोच्या काचेवर पाकळी टिकत नाही, बाळकृष्णावर मावत नाही. उरला दगड. चिकटेल तिथं देव.

"माझ्या लेकीसाठी विचारते, सिद्धीसाठी," मी म्हटलं. "हिला तुलंबेनला न्यायचं का?"

डावी लगेच पडली. तिला पाणी जास्त लागलं असेल. मी दुसऱ्या पाकळ्या घेतल्या, नीट झटकून लावल्या. पेनिडाला? डावी.

"तिसरं विचार," अभिजीत म्हणाला.

"नाही विचारत. पंख्याच्या वाऱ्यानं पडतायत त्या."

"पंखा बंद आहे, आई," सिद्धी म्हणाली.

सवयीनं पुढच्या दोन पाकळ्या मी लावून बसले होते. काढायला हात पुढं केला, तर उजवी पडली. पडली म्हणजे, सरकली. ओल्या भिंतीवरून गोगलगाय जाते तशी सावकाश खाली आली, कापडावर टेकली आणि थोडी आणखी पुढं गेली. आमच्याकडं.

"घे," अभिजीत म्हणाला. "तुझ्याच देवीनं सांगितलं."

मला इतका राग आला की मी चहा न घेता बाल्कनीत गेले. पण रागाबरोबर दुसरंही काहीतरी खटकत होतं. फ्रिज चालू असतो तेव्हा ऐकू येत नाही, बंद पडला की ऐकू येतं, तसं. काय बंद पडलंय ते मात्र कळेना.

४

ते मंगळवारी दुपारी कळलं. मी घरून काम करत होते, हेडफोन काढला, उठले, आणि मागं सिद्धी जमिनीवर बसलेली. किती वेळ बसली होती कोण जाणे. मी दचकले. या मुलीनं मला आयुष्यात कधी दचकवलं नव्हतं, तिला शक्यच नव्हतं ते.

तिच्या नाकाचा आवाज येत नव्हता.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणं कारणं शोधली. पोहण्यानं नाक मोकळं झालं असेल. हवा बदलली असेल. चांगलं झालं की, इतकी वर्षं वाफारे देत होतो. संध्याकाळी ती सोफ्यावर झोपली होती, तिच्या नाकाखाली बोट धरून बघितलं. काही लागलं नाही. मग काहीतरी लागलं. पंख्याचं असेल.

तिनं डोळे उघडले. झोपेतून उठल्यासारखे नाही, नुसते उघडले.

"काय करतेस?"

"डास होता."

"बरं, आई," ती म्हणाली.

आमच्या घरात "बरं, आई" म्हणायची प्रथा नाही. एरवी तिनं मला फाडून खाल्लं असतं. मी मुद्दाम तिच्या खोलीतला पसारा काढला, केसांवरून बोलले, तिच्या त्या लांब केसांच्या मित्रावरून बोलले. बरं, आई. बरं, आई. मला इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि मी तिला आणखी डिवचत राहिले.

देवघरातलं लाल कापड त्या आठवड्यात रोज ओलं असायचं. टँकरचं पाणी, दमट हवा, माझ्याच हातून सांडलेलं, अशी तीन कारणं मी लावली. कापड वाळत घातलं तेव्हा त्यावर पांढरी किनार उमटली. जिभेला लावून बघणार होते. नाही लावली.

५

शनिवारी पूलवर मी पण गेले. "तू कशाला? कंटाळशील," अभिजीत म्हणाला. मी म्हटलं, कंटाळायचा सराव आहे मला.

शिकवणारी भव्या, तिशीतली, ठेंगणी, काटक मुलगी. तिनं पाण्यात उतरण्याआधी पुन्हा बजावलं, खाली काहीही झालं तरी श्वास रोखायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा. ते तिघं पाठीवर टाक्या घेऊन खाली गेले. मी काठावर बसले, फ्लास्कमधली कॉफी ओतली.

वरून बघायला छान होतं. तळाशी तीन काळ्या आकृत्या गुडघे टेकून बसलेल्या. अभिजीतच्या डोक्यावर बुडबुड्यांचं कारंजं, तो खालीही जास्तच बोलत असणार. भव्याच्या डोक्यावर बेताचे, एकसारखे बुडबुडे. सिद्धीच्या डोक्यावरचं पाणी सपाट.

उन्हाची चकाकी असेल म्हणून मी जागा बदलली. दुसऱ्या बाजूनं बघितलं. अभिजीतचे बुडबुडे, भव्याचे बुडबुडे, आणि मध्ये काचेसारखं पाणी. कॉफी निवली. मी ओरडणार होते, पण पाण्याखाली ओरडून काय होणार, आणि काय ओरडणार. तेवढ्यात ते वर आले. सिद्धीनं मास्क काढला, माझ्याकडं बघून शांतपणे हसली. शिट्टी नाही.

टाकीला एक मीटर असतो, आत किती हवा उरली ते दाखवणारा. अभिजीतचा काटा निम्म्याच्या खाली उतरला होता. सिद्धीचा, उतरताना होता तिथंच. भव्यानं नखानं टकटक केलं, मीटर कानाशी धरून हलवला.

"बिघडला असेल," ती हिंदीत म्हणाली.

"जन्मजात डायव्हर आहे माझी पोर," अभिजीत म्हणाला. त्याची छाती एवढी फुगली होती की त्याला वेगळ्या टाकीची गरज नव्हती.

ते दोघं कपडे बदलायला गेल्यावर भव्या माझ्यापाशी आली. "अक्का, ही आधी कधी समुद्रात गेलीय?"

"नाही. का?"

"खाली मी तिला बोटांनी विचारलं, ठीक आहेस ना. ती माझ्याकडं बघेचना. माझ्या मागं बघत होती आणि अशी खूण करत होती." तिनं अंगठा जमिनीकडं केला. "म्हणजे खाली जाऊया."

"मग?"

"आम्ही तळाशीच होतो, अक्का." तिनं टॉवेल खांद्यांवर घट्ट ओढून घेतला. "तुम्ही हिला आता आणू नका. दुसरा कुणी शिकवत असेल तर बघा. साकु, मला पुरे झालं."

६

गाडीत सिद्धी मागं बसली होती, खिडकीकडं तोंड करून. रिंग रोडवर नेहमीप्रमाणं सगळं थांबलेलं.

"सिद्धी डायव्हिंग करणार नाही," मी म्हटलं.

"भव्या काहीही बोलते. मी बुक केलंय."

"काय बुक केलंयस?"

"तिथलं. चौघांची होडी असते, लवकर भरते."

"कधी केलंस?"

"रविवारीच." मग समोरच्याला हॉर्न देऊन, "फुलाच्या आधी. तू तसंही रागावणारच होतीस."

पुढचं मी इथं लिहीत नाही. बाजूच्या रिक्षावाल्यानं काच खाली नसतानाही वळून बघितलं, एवढं पुरे. वीस वर्षांचं सगळं निघालं, त्याच्या आईचा तांदळा निघाला, माझ्या आमटीत नसलेला गूळ निघाला. मी म्हटलं, तुझी मुलगी श्वास घेत नाहीये. तो म्हणाला, तू ऐक तरी स्वतःचं. मागं वळून बघितलं, तर सिद्धी आमच्याकडं बघत होती. आईबाप भांडताना पोरं बघतात तशी नाही. मासे बघायला आलेले लोक काचेतून आत बघतात तशी.

सोमवारी पहाटे तो बालीला गेला. आम्ही दोघींनी गुरुवारी निघायचं होतं. मी अण्णाला फोन लावला. अण्णा, म्हणजे जयसिंगराव, बासष्ट वर्षांचा, बँकेतून निवृत्त. जगातल्या कुठल्याही संकटाला तो "स्वल्प थांब, होतंय" म्हणतो.

"अण्णा, देवी नसलेल्या दगडाला फूल लावलं तर काय होतं?"

"काय होणार मा. पाकळी वाळली की पडतंय."

"तसं नाही. उत्तर दिलं त्यानं."

तो हसला. मग मी सगळं सांगितलं, आणि तिकडून हसणं थांबलं.

"कुणाच्या नावानं विचारलीस?"

मी देवघराकडं पाठ केली.

"पद्दी, कुणाच्या नावानं?"

"सिद्धीच्या."

"मग तिलाच बोलावणार की."

"कोण पण?"

"मला काय ठाऊक. तू कुणाला विचारलीस ते तुलाच ठाऊक नाही." मग आवाज मऊ करून, "आपली देवी असती तर मी आत्ता जाऊन तिचे पाय धरलो असतो. त्या दगडाची आणि माझी ओळख नाही गं."

"नाव बदलता येतं का?"

पलीकडं टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"ते करू नकोस," अण्णा म्हणाला, आणि फोन ठेवला. अण्णा स्वतःहून कधी फोन ठेवत नाही.

तिकिटं रद्द करायची, सिद्धीला नागपूरला मैत्रिणीकडं पाठवायचं, दगड फेकून द्यायचा, असं मी ठरवलं. दगड उचलायला गेले. मोसंब्याएवढा दगड. दोन्ही हात लावले, पाय भिंतीला लावला. शेवटी धापा टाकत फरशीवर बसले आणि त्याला शिव्या दिल्या, मराठीत, मग कन्नडमध्ये. कन्नडमध्ये जास्त बरं वाटतं.

७

बुधवारी दुपारी मी कुकर लावत होते. बाथरूममध्ये नळ चालू होता, मग बंद झाला. त्यानंतर काही नाही. बादली सरकल्याचा आवाज नाही, तांब्या नाही.

मी हाक मारली. बरं, आई, असंसुद्धा आलं नाही.

दार लोटलेलंच होतं. सिद्धी कपड्यांसकट फरशीवर गुडघे टेकून बसली होती, तोंड बादलीत. केस पाण्यावर पसरलेले, न हलणारे. एकही बुडबुडा नव्हता. आणि उजवा हात खांद्यापर्यंत आत होता, सरळ, ताणलेला, काहीतरी गाठायला बघणारा.

आमची बादली माझ्या गुडघ्यालासुद्धा येत नाही.

मी तिच्या काखेत हात घालून ओढलं. ती जड नव्हती, अडकली होती. खालून कुणी ओढतही नव्हतं. कुणीतरी नुसतं धरलं होतं, घाई नसल्यासारखं. मी बादलीत बघितलं. हिरवं प्लास्टिक दिसायला हवं होतं. तिच्या कोपरापर्यंत दिसलं, मग मनगट, मग बोटं, खूप खाली, आणि त्या बोटांत

मी देवघराकडं पळाले.

पाकळ्या ओल्या करायला पाणी घ्यायचं सुचलं नाही. थुंकीनं चिकटवल्या. देवाला असं करत नाहीत, पण मी एवढी चिडले होते की करू नये असं काहीच उरलं नव्हतं. "दोन वर्षं माझी फुलं घेतलीस," मी म्हटलं. "आमच्या सासूबाईंनी तुला देव केलं, नाहीतर तू बेसिनपाशी साबणाशेजारी असतास. माझं पोर घेतोस? तुला कुणीतरी हवंय ना? मी विचारते, पद्मावतीसाठी. तिच्याऐवजी मला न्यायचं का?"

दोन्ही पाकळ्या तशाच राहिल्या. मी वाट बघितली. कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, "ऐकू येत नाही का रे तुला?"

उजवी सरकली.

बाथरूममध्ये बादली कलंडली. मग तो आवाज आला, ती जन्मल्यावर पहिल्यांदा आला होता तसा. लांब, घरघरता, ओढून घेतलेला श्वास, खोकला, पुन्हा श्वास. सिद्धी भिंत धरत बाहेर आली. नाक वाहत होतं, छाती भात्यासारखी चालली होती, आणि ती रडत होती, रागानं.

"काय केलंस तू? आई, काय विचारलंस त्याला?"

"तू येऊ नकोस," मी म्हटलं. "तू अण्णामामाकडं राहा. मी जाते बाबांकडं."

"कुठं जातेस? वेड लागलंय का तुला?" ती माझे दंड धरून हलवायला लागली. नखं लागत होती. "मला नको होतं हे. विचारलंस तरी का मला? तुम्ही दोघं कधीच विचारत नाही. तुला साधं पोहतासुद्धा येत नाही."

मला उलट बोलायचं होतं. आईशी असं बोलतात का, एवढं तरी. मी राग शोधला, जिथं नेहमी असतो तिथं. तिथं छान गार होतं, आणि शांत.

"तिथं पोहावं लागत नाही गं," मी म्हटलं.